केसांसकट मी

१ जानेवारी, सकाळ
संकल्प: यंदा आर्ट जर्नल. मिक्स्ड मीडिया. स्वतःचे फोटो काढायचे, प्रिंट कापायच्या, फाडायच्या, रंग फासायचा, वर कापडाचे तुकडे नि जुनी तिकिटं चिकटवायची. ऑनलाइन कोर्सच्या मॅडम म्हणतात, आधी स्वतःकडे बघायला शिका. मी जन्मभर तेच करतोय, फक्त कुणी क्रेडिट दिलं नाही. नोकरी सोडल्यापासून वेळच वेळ आहे. (मीच सोडली. त्यांनी फक्त आधी सुचवलं.) वर्षअखेर प्रदर्शन. हॉलचं नंतर बघू.
संजनाला सांगितलं. बरं म्हणाली, आणि दूध आणायला पाठवलं.

४ जानेवारी
संजना माहेरी गेली. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. माहेर खाडीच्या बाजूला, रिक्षाने जाण्याइतकं जवळ, तरी बॅग भरून गेली. मला एकच काम सांगितलं: लग्नाच्या अल्बममधला आईचा फोटो मोठा करून आण.
सासूबाईंना फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. ‘मना नको फोटू!’ मोबाइल आले तरी तेच. आमच्या लग्नात मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून खळखळून हसल्या आणि फोटोग्राफरने नेमकं पकडलं. सरकारी कार्डावरचा सोडला तर आयुष्यातला तेवढा एकच. आता म्हणे त्यांना तो बघायचाय. उद्या करतो म्हटलं. किरकोळ काम.

८ जानेवारी
पहिलं सेल्फ-पोर्ट्रेट! मोबाइल कुकरला टेकवला, टायमर लावला. मागे काळी चादर, उजेड एका बाजूने, ब्लॅक अँड व्हाइट. चेहऱ्यावर मुद्दाम काही आणलं नाही. अप्रतिम.
स्टेशनजवळ प्लासिडचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे प्रिंटला दिला. प्लासिडने स्क्रीनकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, कधी गेले? म्हटलं, अरे मीच आहे. तर म्हणतो, सॉरी अंकल, म्हणजे खाली तारीख नको ना? नायगावात कलेला काही भवितव्य नाही.
सासूबाईंचा फोटो न्यायचा राहिला. कलावंताच्या डोक्यात एका वेळी एकच विषय मावतो.

१५ जानेवारी
संजनाचा फोन. फोटोचं काय झालं? स्टुडिओत गर्दी असते म्हटलं. खोटं नाही. त्या दिवशी एक बाई होती.
तिळगूळ घेऊन मेव्हणा आला, धनेश. टेबलावरची पानं बघून म्हणाला, दाजी, सगळीकडं तुमीच! म्हटलं, सेल्फ-पोर्ट्रेट आहे बाबा, त्यात काय तू असशील? जाताना म्हणाला, आई लय आठवण काढते, येऊन जा. रविवारी जाणार. नक्की.

१९ जानेवारी, रविवार
गेलो नाही. पानांवरचा गोंद ओला होता. पंखा चालू ठेवून घराबाहेर पडू नये असं संजनाच सांगते.

२४ जानेवारी, दुपार
संकट. सगळ्या पानांवर तेच टक्कल, तोच चष्मा. मॅडम म्हणतात काळाचे थर दिसायला हवेत. म्हणजे तरुण मी हवा. अल्बम काढला. सगळीकडे मुंडावळ्यांनी कपाळ झाकलेलं. एकाच फोटोत डोकं मोकळं. केस कसले होते राव! पण फोटो तोच. शेजारी सासूबाई.
आधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा असं मनात आलं, पण मोबाइल चार्जिंगला होता. प्रेरणा काही बॅटरीसाठी थांबत नाही.
मला कापून घेतलं. सासूबाईंचा हात माझ्याबरोबरच आला. तो काढायला जावं तर खांदा जातो. उरलेला भाग मी वाया घालवला नाही. कोर्समध्ये दाखवल्याप्रमाणे गरम पाण्यात भिजवून रंगाचा थर सोलला, पान सातवर मला चिकटवलं, त्याभोवती पसरला. काय गुलाबी छटा आली! आजवरचं माझं सर्वोत्तम पान. संजनाला बघून भरून येईल.

२९ जानेवारी
संजनाचा फोन. आई जेवत नाही, नुसतं पानी दे गो पानी चाललंय, रोज फोटोचं विचारते. म्हटलं, फ्रेमिंग चालू आहे. ती म्हणाली, बरं.
बायकांना प्रोसेस कळत नाही.

३ फेब्रुवारी
सासूबाई गेल्या.
फार वाईट वाटलं. माझ्या ताटात नेहमी माशाचं डोकं वाढायच्या, जावयाला म्हणून. मी खात नाही हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.
स्मशानातून आल्यावर धनेश म्हणाला, दाजी, तेवढा फोटो द्या. नाक्यावर बॅनर लावायचाय, उत्तरकार्याला हार घालायचाय. संजना माझ्याकडेच बघत होती. आणतो म्हटलं.

४ फेब्रुवारी
कोर्सच्या ग्रुपवर विचारलं, सोललेला थर पुन्हा फोटोवर बसतो का? मॅडमनी लाल बदाम पाठवला.
पान सात प्लासिडकडे नेलं. म्हटलं, या गुलाबी रंगात एक बाई आहे, तिला बाहेर काढ. त्याने उजेडात धरून बघितलं. म्हणाला, अंकल, इथे फक्त तुम्हीच आहात. आमच्या लग्नाच्या निगेटिव्ह तर घर बदलताना कधीच गेल्या.
ठरलं. वाळवीने खाल्ला म्हणून सांगायचं. खाडीची दमट हवा, कुणालाही पटेल.

५ फेब्रुवारी
पटलं नाही. संजना स्वतः आली, अल्बम उघडला. म्हणाली, बाकीच्या फोटोंना तोंड न लावता एकच उचलून नेणारी वाळवी मी आज बघितली. मग जर्नल चाळलं. मी, मी, मी. पान सातवर थांबली. त्या हातावरून बोट फिरवत बसली. बाकीची आई कुठाय, म्हणाली. मी गुलाबी रंगाकडे बोट दाखवलं.
ओरडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिने जर्नल पिशवीत घातलं आणि निघून गेली.

१२ फेब्रुवारी
उत्तरकार्य. बॅनरवर आधार कार्डावरचा फोटो. मोठा करून करून नाकडोळे पुसले गेलेत. गावातल्या बायका म्हणत होत्या, आमची रंभा अशी कवा होती?
पाटावर त्याच फोटोला हार. शेजारी एक छोटी फ्रेम, तिलाही हार. आत नुसता हात, बांगड्यांसकट. कात्री इतकी नीट चालवलेली की माझ्या कोटाचा धागाही आत आलेला नाही.
जेवणं झाल्यावर संजनाने जर्नल परत दिलं. पान सात उघडलं. केस शाबूत आहेत. खांद्याला भोक.
घरी कधी येतेस, विचारलं.
म्हणाली, फ्रेमिंग चालू आहे.