रंकाळ्याखालचं शहर

१२ ऑक्टोबर १९९८, संध्याकाळ

सुजातानं आज स्वतः लिहिलेली गोष्ट वाचायला दिली. रंकाळा तलावाच्या तळाशी वाफेवर चालणारं शहर आहे, आणि तिथली यंत्रं चालवायला पाण्यातल्या साती आसरा वरचे मिस्त्री ओढून नेतात. जवळ लोखंड असेल त्याला मात्र त्या शिवत नाहीत. माझ्या लेकीचं डोकं, म्हणून मी हसले.

मग पुढचं वाक्य आलं. ‘त्या दिवशी आईनं बाबांच्या पिशवीतला पाना काढून घेतला होता.’

खरंच घेतला होता. स्टोव्हचा नट आवळायला. परत ठेवायचा राहिला, आणि हे विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला गेले ते बुडालेच. पान्याचं मी कुणाला कधी सांगितलं नाही. सुजाता तेव्हा सहा वर्षांची. तिनं पाहिलं होतं? अकरा वर्षं मनात ठेवलं?

विचारलं, तर म्हणाली, “तुला दोष न्हाय दिला गं आई. गोष्ट हाय की ती.”

“मग गोष्टीतल्या पोरीला बाप सापडतो का?”

“अजून लिवलं न्हाय. खाली जायला तिला तो पाना पायजे. तिची आई देईल का, तेच ठरंना.”

पत्र्याच्या पेटीतून पाना काढला. पार गंजलाय. तिच्या वहीवर ठेवून आले.