ह्रीमा घोडीसाठी ट्रेलरचा परवाना, तो नाही तर दहा मिनिटे

प्रति,
मा. जिल्हा आयुक्त,
वाहनचालक परवाने व रस्ते विभाग,
जिल्हा कार्यालय, क्लेट्टाविक.

अर्जदार: आल्फदीस केटिल्सदोत्तिर, वय ६६, रा. होल्तासेल, स्कार्दनेस किनारा.

विषय: जड ट्रेलर ओढण्याच्या परवान्याची परीक्षा वाऱ्यामुळे व इतर कारणांनी न झाल्याबाबत, आणि त्या अनुषंगाने एक शेवटची विनंती.

संदर्भ: आपले पत्र दि. २६ ऑगस्ट २०२५, त्यातील शेरा: "अर्जदाराने वाऱ्याबाबत दिशाभूल केली."

महोदया,

दुकानात भेटलो की मी आपल्याला स्तेइना म्हणते आणि आपणही मला आल्फदीस म्हणता. पण अर्ज हा अर्ज आहे, म्हणून महोदया.

१. माझे पती ओद्दगेइर गेल्या डिसेंबरपासून क्लेट्टाविकच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळून आहेत. डॉक्टर त्यांना दारापर्यंतही नेऊ देत नाहीत. बोलणे जवळजवळ बंद झाले आहे. मी गेले की एवढेच विचारतात, "ह्रीमाला चारा घातलास का?" ह्रीमा ही त्यांची घोडी, वय सत्तावीस. तिला एकदा त्यांच्या खिडकीसमोर नेऊन उभी करायची, एवढे एकच काम मला करायचे आहे. होल्तासेलहून क्लेट्टाविक चौऱ्याहत्तर किलोमीटर. इतके अंतर आता घोडीला चालवत नाही आणि मलाही नाही. म्हणून ट्रेलर.

२. माझ्या साध्या परवान्यावर गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन हजार किलोपर्यंत चालते. मी ट्रेलरची मधली फळी आणि जादा चाक काढून ठेवले आणि बंदरावरच्या मासळीच्या वजनकाट्यावर सगळे तोलून घेतले. गाडी, मी, ट्रेलर, घोडी मिळून तीन हजार एकशे चाळीस. मला वाटले, सुटले. तर आपल्या कार्यालयातील बेर्गरून म्हणाल्या, "काट्यावरचं कोण विचारतंय? पाटीवरचं बघायचं असतं." गाडीच्या पाटीवर कमाल वजन २४५०, ट्रेलरच्या पाटीवर १६००. बेरीज ४०५०. म्हणजे आत घोडी असो, चिमणी असो की काहीच नसो, कायद्याच्या लेखी ट्रेलर भरलेलाच.

३. मग पाटी बदलून घ्यावी असे ठरले. ट्रेलरची पाटी १०५० वर आणली तर बेरीज साडेतीन हजारात बसते. पण रिकामा ट्रेलर ७२० आणि ह्रीमा ३४०, मिळून १०६०. दहा किलो जास्त. मी पशुवैद्यांना विचारले, घोडीला चार दिवस उपास घडवू का. ते म्हणाले, "या वयात तिच्या अंगावरचे दहा किलो काढलेस तर खिडकीपाशी न्यायला घोडी उरायची नाही." हलकी गाडी घ्यावी तर ती एवढा भार ओढत नाही, आणि ओढणारी घ्यावी तर ती स्वतःच जड. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून मी सहासष्टाव्या वर्षी जड ट्रेलरच्या परवान्याचा अभ्यास केला. लेखी परीक्षेत पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाले, याची आपल्याकडे नोंद असेलच.

४. प्रत्यक्ष परीक्षा दर महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी असते. पंधरा एप्रिलला आमचे शेजारी तोर्फी, ज्यांच्याकडे असा परवाना आहे, त्यांनी माझा ट्रेलर क्लेट्टाविकपर्यंत ओढून नेला; जिवंत जनावर न्यायला मात्र ते पहिल्यापासून तयार नव्हते. मला नेता येत नाही, कारण ज्या परवान्याची परीक्षा तो परवाना मजजवळ नाही. परीक्षकांनी ट्रेलर तोलला आणि म्हणाले, "आठशे किलोच्या खाली परीक्षा होत नाही. हा रिकामा आहे." मी म्हणाले, "कायद्याने तो भरलेला आहे." ते म्हणाले, "तो रस्त्यावर. इथे रिकामा."

५. वीस मेला पुन्हा तोर्फींनीच ट्रेलर ओढला आणि मी वाळूची आठ पोती घेऊन गेले. ट्रेलरचे दार मागे असते, पोती मागूनच चढवली आणि तिथेच राहू दिली. ही माझी चूक, मी मान्य करते. भार चाकांच्या पुढे हवा, गाडीच्या बाजूला, हे मी पुस्तकात वाचले होते आणि तरी पाठदुखीपुढे विसरले. साठच्या वेगाला ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला. तोर्फी कसलेले चालक आहेत. त्यांनी ब्रेक लावला नाही, स्टीअरिंग सरळ धरले, फक्त पाय उचलला, आणि गाडी थांबल्यावर मला म्हणाले, "वजन मागे कशाला टाकलंस गं? घोडी काय शेपटीवर उभी राहते?" पोती पुढे सरकवून आम्ही पोहोचलो. रस्त्यावरच्या फलकावर वारा सेकंदाला सतरा मीटर होता. पंधराच्या वर परीक्षा नाही. रद्द.

परतताना तोर्फी म्हणाले, आता पोती कशाला वाहायची, टायर तरी वाचतील. पोती बंदरावर उतरवली आणि ट्रेलर रिकामा घेऊन निघालो. स्कार्दनेसच्या वळणावर वाऱ्याने तो उचलला आणि खडकावर आडवा केला. कायदा रिकाम्या ट्रेलरला भरलेला मानतो, स्कार्दनेसचा वारा मानत नाही. आम्हाला कोणाला खरचटलेही नाही. पण तोर्फी रस्त्याच्या कडेला बसून म्हणाले, "आल्फदीस, तुझ्यासाठी पुष्कळ केलं. आता कानाला खडा." तेव्हापासून या किनाऱ्यावर कोणीही ट्रेलर घेऊन ते वळण ओलांडायला तयार नाही, आत जिवंत जनावर असेल तर नाहीच नाही. मी कोणाला दोष देत नाही. मीही दिला नसता होकार.

६. ट्रेलर दुरुस्त करून घेतला. जूनचा तिसरा मंगळवार सतरा तारखेला आला, म्हणजे राष्ट्रीय दिन. कार्यालय बंद होते आणि त्या दिवशी पान हलत नव्हते. जुलैमध्ये परीक्षक सुट्टीवर होते.

७. एकोणीस ऑगस्टला, ट्रेलर न्यायला कोणी नाही हे लक्षात घेऊन, परीक्षकांनी होल्तासेलला येण्याचे कबूल केले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला, "वारा कसा आहे तिकडे?" मी खिडकीतून पाहिले. गोठ्याचे दार आपटत होते, पण बिजागरीवर होते. मी म्हणाले, "काही नाही हो, झुळूक आहे." ते चौऱ्याहत्तर किलोमीटर आले. गाडीचे दार उघडायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. आमच्या वळणावरच्या फलकावर एकवीस होते. ते म्हणाले, "ही तुमची झुळूक?" मी म्हणाले, "एकदा हिवाळ्यात या." हे बोलायला नको होते.

मी दिशाभूल केलेली नाही. आमच्याकडे छप्पर जागेवर असेपर्यंत वाऱ्याला वारा म्हणायची पद्धत नाही. वडिलांची होडी बुडाली त्या दिवशीही आई एवढेच म्हणाली होती की जरा हवा सुटली आहे. हे आपल्या फॉर्ममध्ये कुठे लिहायचे मला ठाऊक नाही. त्या शेऱ्यामुळे मला यादीत शेवटी टाकले आहे आणि पुढची तारीख सतरा मार्च २०२६ मिळाली आहे.

८. सप्टेंबरमध्ये आपल्या कार्यालयाकडून घरी एक पाकीट आले. मला वाटले, माझेच काहीतरी. उघडले तर ओद्दगेइर यांच्या परवान्याचे नूतनीकरण होते. त्यांनी आजारापूर्वी पाठवलेल्या कागदांवरून झालेले, जड ट्रेलरसह, २०२८ पर्यंत वैध. ज्या माणसाला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही त्याला घोडी ओढून न्यायची मुभा आहे आणि मला नाही. मी बेर्गरून यांना विचारले, अनुभवी परवानाधारक शेजारी बसला तर शिकाऊ माणसाला सराव करता येतो ना, मग ओद्दगेइरना शेजारी बसवते. त्या म्हणाल्या, "बसवा की. पण ते आहेत तिकडे आणि ट्रेलर आहे इकडे." आम्ही दोघी खूप हसलो. मग मी बाहेर गाडीत जाऊन रडले. असे अर्जात लिहीत नाहीत, माहीत आहे.

९. पशुवैद्यांच्या मते ह्रीमाचे दात संपले आहेत, ती हा हिवाळा काढणार नाही, आणि बर्फ पडण्याआधी तिची सुटका करणे हीच दया आहे. डॉक्टरांनी ओद्दगेइरबद्दल तारीख सांगितली नाही, फक्त माझा हात धरून ठेवला. तेव्हा सतरा मार्चची तारीख मी परत करत आहे. ती कोणा तरुणाला द्यावी. माझा परवान्याचा अर्ज रद्द समजावा.

१०. या किनाऱ्यावरून जनावर घेऊन क्लेट्टाविकला जाणारे कायदेशीर वाहन आता एकच उरले आहे, ते म्हणजे कत्तलखान्याचा ट्रक. तो गुरुवारी, सोळा ऑक्टोबरला, येणार आहे. भरल्यावर एकोणीस टन होतो, त्याला स्कार्दनेसचा वारा काही करत नाही. मी ह्रीमाचे नाव त्यात घातले आहे. वाटेत ओद्दगेइरच्या खिडकीपाशी थांबाल का, असे चालक मार्तेइन यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मावशी, खाली उतरवता येणार नाही तिला, नियम आहे. पण तिला सगळ्यात शेवटी चढवतो, जाळीपाशी. दहा मिनिटं थांबेन. इंजिन बंद करून."

११. ताकाला जाऊन भांडे लपवत नाही, मागायचे ते मागते. शुश्रूषागृहाच्या गल्लीच्या तोंडाशी आपल्या विभागाची पाटी आहे: साडेतीन टनांवरील वाहनांस प्रवेश बंद. सोळा तारखेला सकाळी अकरा ते अकरा दहा या वेळेपुरती त्या एका ट्रकला तिथे येऊ द्यावे. बाकी माझे काही मागणे नाही.

१२. परवानगी देणे शक्य नसल्यास तसे अवश्य कळवावे, मात्र शुक्रवारी कळवावे. गुरुवारी मी आणि मार्तेइन फोन उचलणार नाही.

दहा मिनिटांच्या आशेवर,
आल्फदीस केटिल्सदोत्तिर
होल्तासेल, १० ऑक्टोबर २०२५

सोबत:
अ) बंदरावरील काट्याची पावती.
आ) पशुवैद्यांचा दाखला.
इ) गल्लीचा कच्चा नकाशा. तळमजला, डावीकडून तिसरी खिडकी. पलंग खिडकीकडे वळवून घेतला आहे.