चारशे बारा कार्डं

सोमवार, ८ सप्टेंबर १९६९, ऑस्लो

डावी करंगळी सुजून टम्म! माझा हात ड्रॉवरमध्ये असताना टोर्गाइरनं तो धाडकन लावला. नवरा म्हणे! कारण काय, तर बटाटे कच्चे राहिले. कामावर सांगितलं, दारात चेमटली. नऊ बोटांनी दिवसभर कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडली — प्रोग्रॅमच्या एका ओळीला एक कार्ड.

पण संध्याकाळी अस्लॉगबाईंनी, आमच्या विभागप्रमुखांनी, बोलावून घेतलं. "सहा वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम टोचतेयस, गुडनी. आता सिम्युला ही मशीनची नवी भाषा शीक आणि स्वतःचा लिही. एकोणीस तारखेपर्यंत मशीनवर चालवून दाखव. प्रोग्रॅमरची जागा तुझी, वसतिगृहातली खोलीही तुझी."

खोली! आतून कडी असलेली!

बुधवार, १०

फेरीबोट आणि धक्क्यावर गाड्यांची रांग, हा माझा विषय. गाडी म्हणजे काय, कधी येते, किती थांबते, हे मशीनला एकदाच सांगायचं. मग हव्या तेवढ्या गाड्या घडवा, प्रत्येक आपापली वागते. मजा आहे! एका गाडीला टोर्गाइरचं नाव दिलं आणि रांगेत शेवटी उभी केली. बोट भरली की ती धक्क्यावरच. तिला बुडवायचं कसं, ते अजून शिकवलेलं नाही.

शुक्रवार, १२

गालावर पाच बोटं. जेवणाच्या टेबलावर वही उघडी राहिली म्हणून.

सोमवार, १५

मशीन मधेच अडलं. बोटच नाही म्हणतं! अस्लॉगबाई हसून हसून बेजार. "अगं, बारसं केलंस, बाळ कुठंय? नुसतं नाव ठेवून भागत नाही. आधी बोट घडव!" एक कार्ड कमी होतं. सगळ्या नवख्यांचं हेच होतं म्हणे. मला मात्र इतका संताप आला की कुणाचं तरी डोकं फोडावं.

गुरुवार, १८

वसतिगृहाचा अर्ज त्याला माझ्या कोटाच्या खिशात सापडला. "ए शहाणे, खोली घेतेस? मला सोडून?" केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. ओठ फाटला. मग कार्डांचा डबा उचलला आणि तळघराच्या जिन्यावरून खाली भिरकावला. चारशे बारा कार्डं! आणि गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ मी ओढलीच नव्हती. ती रेघ बघूनच तर विस्कटलेली कार्डं लावतात. सहा वर्षं सगळ्यांना बजावत आले, आणि स्वतः...!

रांगत रांगत वेचली. मोजली. तो वरच्या पायरीवर उभा. "आण इकडे, आता चुलीत घालतो." डबा पोटाशी धरून चढले.

नंतर स्वयंपाकघरात जमिनीवर मांडली. गाडीची गाडीपाशी, बोटीची बोटीपाशी. सिम्युलात प्रत्येकीचं सगळं एके ठिकाणी असतं, म्हणून निभावलं. तीन तास लागले. कुणी आडवं आलं नाही.

शुक्रवार, १९

चाललं! चाळीस गाड्या, सहा फेऱ्या, एक चूक नाही! अस्लॉगबाईंनी माझ्या ओठाकडे पाहिलं. किल्ली हातात ठेवली.

घरी येऊन पोलिसांना फोन केला. नवरा तळघराच्या जिन्याखाली पडलाय, हलत नाही म्हटलं. बोलताना रडू फुटलं. त्याच्यासाठी नव्हे — किल्ली मुठीत होती म्हणून.

शनिवार, २०

पोलिसांना सांगितलं, जिन्यावर कार्डं सांडली होती, त्यांवरून घसरला. त्यांनी तसंच लिहून घेतलं. तो पडला तेव्हा कार्डं एकूण एक माझ्या डब्यात होती.