हिचे अकरा निरोप

३ मार्च, सकाळी ७
आजपासून कडक गोपनीयता. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइन तपासायच्या नावाखाली लोकांची बोलणी ऐकली. कोण किती ऐकतं ते मला कोणी शिकवू नये. नवं अ‍ॅप घेतलं. कंपनी लिहिते, तुमचं कुलूप आम्हालाही उघडता येत नाही. अशी माणसं हवीत.
हिचे अकरा व्हॉइस मेसेज त्यात हलवले. बाकी सगळीकडून पुसले. हिला जाऊन दोन वर्षं होतील. रोज चहाबरोबर एक ऐकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

५ मार्च
मुलीचा फोन. बाबा, आईचा आवाज मलाही पाठवा म्हणाली. समजावलं, कॉपी झाली की गोष्ट फुटलीच. ती म्हणे, ‘अहो, येताना दूध आणा’ यात फुटण्यासारखं काय आहे? या पिढीला गांभीर्य नाही.
नंतर वाईट वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

८ मार्च, संध्याकाळ
सोसायटीची मीटिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बाथरूममध्ये पडल्या. दार तोडेपर्यंत चार तास गेले. म्हणून प्रत्येक घराची जादा किल्ली सीलबंद पाकिटात वॉचमनकडे ठेवायची, असा ठराव. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, आज आगीसाठी उघडतील, उद्या चौकशीसाठी, परवा सहज म्हणून. सेक्रेटरी म्हणाला, काका, तुम्ही पडलात तर? म्हटलं, मी पडत नाही.
ठराव पास. विरोधात मी एकटा. किल्ली दिली नाही.
येताना जिन्यात घसरलो. थोडंसंच.

११ मार्च
पासवर्ड सहा अक्षरी होता, बावीस अक्षरी केला. कुठेही लिहिला नाही. इथेसुद्धा नाही, वहीचा काय भरवसा. स्मरणशक्ती खणखणीत आहे.

१२ मार्च, सकाळी ७
चहा झाला. पासवर्ड चुकीचा. बोटं जाड झालीत.
दुपारी १. लग्नाची तारीख त्यात होती हे नक्की. पण आधी तारीख की आधी हिचं माहेरचं नाव?
४ वाजता. चष्म्याचा दोष.

१३ मार्च
चहा केला नाही.

१५ मार्च
कंपनीला लिहिलं, मी सरळमार्गी माणूस आहे, माझ्यापुरतं एखादं मागचं दार असेलच. उत्तर दोन मिनिटांत आलं. तुमचं कुलूप आम्हालाही उघडता येत नाही. निर्दयी लोक.

१६ मार्च
मुलीला सांगितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, आठवतील तेवढे बोलून दाखवा, मी लिहून घेते. सात आठवले. दूध. गॅसवाला येऊन गेला. छत्री घरीच विसरलात. मला उशीर होईल, जेवून घ्या. बाकीचेही असलेच. चार गेले. शब्द सांगता आले, आवाज कसा सांगणार?
ती रडली. मीही.

१७ मार्च
जादा किल्ली वॉचमनला देऊन आलो. त्याने विचारलं, काही झालं तर कोणाला कळवायचं? मुलीचा नंबर लिहून दिला. म्हणाला, जवळचं कोणी? म्हटलं, हीच जवळची.
घरी आलो. ही वही दोन आठवडे टेबलावर उघडी पडली आहे. वाचायला कोणी आलं नाही.