दहाव्याचं लुगडं

कल्याण,
रविवार, १० फेब्रुवारी १९५७

बाबांना धाकूचा नमस्कार. आईला नमस्कार, आणि घरात माझ्यापेक्षा जे जे मोठे असतील त्यांना एकेक. मी खुशाल आहे. तुमची खुशाली सगुणाताईकडून कळली. ताई शुक्रवारपासून इथेच आहे, आज दुपारी हे पत्र घेऊन निघेल.

पत्र आपला उत्तम वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. माझा चुलतभाऊ सातवी पास झाल्यापासून गावातली सगळी पत्रं तोच वाचतो. अडचणीचा मजकूर आला की खोकतो आणि दोन ओळी गाळतो. उत्तम, ह्या पत्रात खोकायचं नाही. माजघरात नको, ओटीवर बस. काळुरामकाका आणि बाकीचे पंच तंबाखू मळायला येतातच, ते आले की सुरू कर. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चौथीत मास्तरांची खुर्ची खाडीत टाकून शाळा सोडलेली, पण कळेल एवढं लिहिता येतं.

तर बातमी अशी की मी परदेशी चाललोय. शनिवारी २३ तारखेला मुंबईच्या गोदीतून आगबोट निघते, ती आफ्रिकेत मोंबासाला लागते. तिथून वर किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की एक मिठागर आहे. मालक आपल्याकडचे, कच्छी. त्यांना मिठातला मुकादम हवा होता.

बाबा, मी मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात सात महिने काढले, खडवलीला वीटभट्टीवर एक हंगाम, कल्याणात लाकडाच्या वखारीत दीड वर्षं (इतका का टिकलो ते पुढे येईल), आणि मध्ये एका सर्कशीचे घोडे घेऊन इगतपुरीपर्यंत गेलेलो. त्यातला एक घोडा फक्त माझ्याच हातचं खायचा, पण ते असो. दर वेळी तुम्ही म्हणालात, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे ठरायचा नाही. आता बघा, ज्या कामातून पळालो त्याच कामासाठी मला समुद्रापार बोलावलं. त्या कच्छी शेठच्या माणसाने विचारलं, "मीठ तयार झालं हे कशाने ओळखतोस?" मी म्हटलं, "टाचेने." तो हसला. मी म्हटलं, "हसू नका साहेब. माझ्या बापाने मला सहाव्या वर्षी पाण्यात उतरवलं. टाचेखाली करकरलं की मीठ ओढायला घ्यायचं, नुसतं मऊ लागलं तर अजून दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं." त्याने तिथल्या तिथे कागद पुढे केला. म्हणजे नोकरी तुमच्या शिकवणीवर मिळाली. हे मी पंचांसमोर कबूल करतो.

परवाना झाला, देवीची लस टोचून झाली, फोटो झाला. फोटोत मी चोरासारखा दिसतो.

ही बातमी द्यायला मी बुधवारी गावात आलेलो. हे तुम्हाला माहीत नाही.

ठाण्याला उतरून खाजणातून चालत आलो. खाडीवर माणसं जमलेली दिसली. मला वाटलं, कुणी म्हातारं गेलं, आज दहावं असणार. मी टोपी काढली, लांबूनच हात जोडले. बांधावरून सखुबाई येत होती, डोक्यावर टोपली. मी विचारलं, "कोन गेला गं आये?"

तिने वर न बघताच सांगितलं, "भोईराचा पोर, धाकू. वाईट नव्हता रं, पन त्या हबशिनीच्या नादाला लागला."

मग वर बघितलं. टोपली धाडकन खाली.

"अगो बाय! तू तं इथं उभा हाईस!"

"मीच. कधी गेलो मी?"

"मना काय ठावं? पंच बोलले मेला, तं मेला!" मग माझ्या गालावरून हात फिरवून बघितला आणि हळूच म्हणाली, "जा रं बाबा, आड हो. तुला बघून कावलं बुजतील."

मी आड झालो. दुसरं काय करणार? आपल्याच मिठाच्या ढिगामागे बसून मी माझं दहावं बघितलं. असं कुणाच्या नशिबी येतं?

कावळा शिवेना. झाडावर आठ-दहा बसलेले, एक खाली येईल तर शपथ. काळुरामकाका म्हणाले, "धाकू, तुझ्या बापाला पुन्हा पंगतीला घेतो." कावळा हलला नाही. उत्तम म्हणाला, "तुझी सायकल विकणार नाही." उत्तम, मी ऐकलंय, लक्षात ठेव. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं, लोक कंटाळले, कुणीतरी दर्भाचा कावळा करा म्हणालं.

मग तुम्ही उठलात. डोक्यावरची टोपी काढलीत, पिंडाजवळ वाकलात आणि ओठातल्या ओठात काहीतरी बोललात. दोन पावलं मागे सरलात तोच कावळा उतरला.

काय बोललात ते कुणाला कळलं नाही. पण पाण्याचा तांब्या घेऊन सगुणा तुमच्या पाठीशीच होती. तिने ऐकलं, मला नंतर सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बायकोला सून म्हणून लुगडं नेसवीन."

बाबा, कचेरीत नव्या कायद्याने लग्न करून आम्हाला वर्ष झालं. वर्षभरात तुम्ही एकदा तिचं नाव घेतलं नाहीत. मी तिला घेऊन आलो तेव्हा दार लावलंत. आणि मेलेल्या धाकूला मात्र एवढं मोठं वचन दिलंत. मला त्या मेल्याचा हेवा वाटला.

तिच्याबद्दल गावात काय काय बोलतात ते मला कळतं. काळी, केस असे, ओठ तसे. काळुरामकाका, राग मानू नका, पण चैत्रात मिठागरावरून परत आलात की अंधारात तुमचे दातच तेवढे दिसतात. आपण कुठले गोरे लागून गेलो? ती कोण, कुठली, हे कुणी विचारलंच नाही, म्हणून आता सांगतो. तिचं नाव मरियामू. वखारीचे शेठ मोंबासात वीस वर्षं होते, परत येताना त्यांनी मुलांना सांभाळायला तिला आया म्हणून आणलं. मी लाकडं उतरवत होतो आणि ती मागच्या दारात पोराला भरवत होती. "ये, बस, जेव," असं अगदी आपल्यासारखं म्हणाली. मी विचारलं, मराठी कुठे शिकलीस? तर तिची आजी लहानपणी गुलामांच्या गलबतातून सोडवलेली, नाशिकला मिशनच्या शाळेत वाढली, मग तिथून मोंबासाला नेली. म्हातारी मरेपर्यंत नातवंडांना मराठीत जेवायला बोलवायची. मरियामूला वाटायचं, ही आजीची एकटीची भाषा आहे, जगात दुसऱ्या कुणाला येत नाही. कल्याणला उतरली तर हमाल, टांगेवाला, भाजीवाली, सगळे तिच्या आजीसारखे बोलतायत. ती म्हणते, मी स्टेशनावर रडले. मी वखारीत दीड वर्षं टिकलो तो असा.

आता शुक्रवारची गोष्ट. इथून पुढे लिहायला मला जड जातंय, म्हणून इतका वेळ घोडे आणि खुर्च्या सांगत बसलो.

शुक्रवारी सगुणा आली. टोपलीत वर सुकट, खाली केळीच्या पानात गुंडाळलेलं हिरवं लुगडं, तांबड्या काठाचं. म्हणाली, "बाबांनी धाडलंय. बोलले, नेसवलं असं समजा, आणि कुनाला सांगू नका."

मी तर नाचलोच. लुगडं उलगडून मरियामूच्या खांद्यावर टाकलं, म्हटलं, बघ, माझ्या बापाने धाडलं! तिने काठावर बोट फिरवलं. तिला आवडलं, खोटं कशाला सांगू? मग नाकाशी नेलं आणि सगुणाला विचारलं, "ताई, हे सुकटीच्या खाली का होतं?"

सगुणा टोपलीतली सुकट सारखी करायला लागली.

मरियामूने लुगड्याची परत जशीच्या तशी घडी घातली. मी म्हटलं, अगं राहू दे, म्हातारा माणूस, त्याला गावात राहायचंय. तेव्हा ती मला म्हणाली, "तू मला कागदावर आया लिहिलंस. त्यांनी मला सुकटीखाली लपवलं. तुम्ही बापलेक सारखेच."

हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. पण उत्तम, वाच, थांबू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी बोटीच्या एजंटाकडे गेलेलो. तिथला कारकून म्हणाला, मिठागरावर हिंदी लोकांची चाळ वेगळी आणि तिथल्या काळ्या लोकांच्या झोपड्या वेगळ्या. "हिला बायको लिहिलंत तर चाळीत खोली मिळणार नाही. आया लिहू या, मागच्या पडवीत झोपेल. तुम्हालाच सोयीचं." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्याने लिहिलं. घरी येताना मी मनाशी म्हणत होतो, आया तर ती होतीच की. कागद उशाखाली ठेवला. मला इंग्रजी अडखळत येतं, तिला तिकडच्या मिशनच्या शाळेमुळे चांगलं येतं. तिने तो त्याच दिवशी वाचला आणि त्याबद्दल पंधरा दिवस एक शब्द बोलली नाही. मी निवांत होतो, मला वाटलं बघितला नसेल.

तुमच्यावर रागावायचा मला काय अधिकार, सांगा? तुम्हाला पंचांची भीती होती. मला नुसती खोली हवी होती.

काल सकाळी मुंबईला गेलो आणि त्या कारकुनाला तो 'आया' शब्द खोडायला लावला. म्हणाला, "खोली जाईल हां."

"जाऊ दे."

"मग तिथे राहणार कुठे?"

"सासुरवाडीला," मी म्हटलं. मिठागराच्या अलीकडच्या गावात तिचा मामा आहे, मासेमारी करतो. "त्यांची हरकत नसेल तर तुमची का?"

त्याने खोडून दुसरं लिहिलं. मी नीट वाचून घेतलं, दोनदा.

म्हणून ताईबरोबर लुगडं परत धाडतोय. टोपलीत नाही, हातावर घेऊन ये असं सांगितलंय, वेशीतून, सगळ्यांच्या देखत. रागाने परत करत नाही. तुम्ही लुगडं धाडीन म्हणाला नव्हता, नेसवीन म्हणालात. पिंडाला दिलेला शब्द असा दुसऱ्याच्या हातून, सुकटीखालून पुरा होत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

काळुरामकाका, तुम्हालाही सांगतो. माणसाला वाळीत टाकायला सरकारची बंदी होऊन सात-आठ वर्षं झाली. मी फिर्याद करू शकतो. करणार नाही, कारण तुम्ही मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं मला आठवतं. पण माझ्या बापाकडून जिवंत पोराचं दहावं करून घेतलंत, ह्याची लाज तुम्हाला वाटायला पाहिजे, मला नाही. मी मेलेलो नाही. बायकोला सोडून येणार नाही, प्रायश्चित्त घेणार नाही, आणि आफ्रिकेतून परत येईन तेव्हा तिच्यासकट ह्याच ओटीवर येईन. दार लावायचं तर लावा, मी बाहेर बसून गप्पा मारीन. गप्पा मारायला मला कुठे दार लागतं?

बाबा, आम्ही शुक्रवारी २२ तारखेला सकाळी कल्याण सोडतो. तोवर वखारीच्या मागच्या खोलीत आहोत, कुणालाही विचारा. तुम्ही आलात तर काय होईल ते मला कळतं. पुन्हा पंगतीतून उठवतील. ऐन हंगामात मीठ ओढायला एक माणूस मिळणार नाही, तुम्ही आणि आई दोघंच बांधावर दिसाल. एवढं सगळं मी मागतोय, आणि उघड्यावर मागतोय. तुमच्या जागी मी असतो तर आलो असतो का? पंधरा दिवसांपूर्वी नसतो आलो. आज आलो असतो.

नाही आलात तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण मग ते लुगडं दुसऱ्या कुणाला नेसवू नका. घरात ठेवा, डोळ्यांसमोर.

मी नुसतं माझं नाव घालून पत्र मिटत होतो. मरियामू म्हणाली, कागद इकडे दे. ती महिनाभर माझ्याकडे मराठी अक्षरं गिरवतेय, खालच्या पहिल्या दोन ओळी तिच्या हातच्या आहेत. चुकलं असेल तर हसू नका.

आपली सून
मरियामू

आणि तिचा नवरा
धाकू