वन्संसाठी तळघरातला पंप

४ नोव्हेंबर, सोमवार
संतापाने लिहितेय. वन्संचा गुडघा बदललाय. पुढच्या आठवड्यात आंबवड्याहून महिनाभर आमच्याकडे वेल्ह्याला येणार. त्यांना जिना चढायचा नाही, म्हणून तळघराची खोली. तिथे बाथरूम बांधलं, आणि आता कळतंय की रस्त्याचं गटार त्याच्या वर. पाणी वर चढणार कसं? गोरख प्लंबर म्हणे, "काकी, मागं उतार हाय. शोषखड्डा घेऊ, दोन दिसाचं काम." खड्डा! पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढली ती घरामागे खड्डे खणायला नव्हे.

६ नोव्हेंबर, बुधवार
छोटा पंप आला. बुटाच्या खोक्याएवढा. अंघोळीचं, बेसिनचं पाणी आपोआप वर गटारात फेकतो. मानसिंगनी विचारलं, लाईट गेल्यावर काय? पस्तीस वर्षांत या नवऱ्याने माझ्या एका तरी कल्पनेचं कौतुक करावं!
निश्चय: उद्यापासून रागवायचं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार
नऊला लाईट गेली, चारला आली. दर गुरुवारचंच. रागावले. गोरख म्हणे, "इन्व्हर्टर घ्या, न्हाईतर गुरवारी आंगूळ न्हाई." मी म्हटलं, नऊच्या आत करायची. शिस्त म्हणून काही असते.

११ नोव्हेंबर, सोमवार
वेळापत्रक लॅमिनेट करून तळघरात लावलं. वन्संचा गुरुवारचा उपास. डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. म्हणून गुरुवार, सकाळी ८.००. अधोरेखित.
लग्न होऊन आले तेव्हा मला चूलसुद्धा पेटवता येत नव्हती. वन्संनी हातातली फुंकणी काढून घेतली. म्हणाल्या, "तू निस्ती जवळ बस, संजे. भाकरी तुज्या नावावर खपवते." माझ्यासाठी इतकं सुंदर खोटं पुन्हा कोणी बोललं नाही. आता त्या आंबवड्याला एकट्या. महिनाभर नाही, कायमचं ठेवून घेणार.

१३ नोव्हेंबर, बुधवार
वन्सं आल्या. खोली बघून म्हणाल्या, "लई झ्याक. पर पानी जातं कुठं?" सगळ्यांना हाच एक प्रश्न का पडतो? पंप दाखवला. म्हणाल्या, "एवढुसा! ह्याला खायाला काय घालतीस?"
उद्या सगळं नीट समजावून सांगेन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
आठला वन्सं तयार. आधी माहितीपुस्तिका वाचून दाखवली. इंग्रजीचं मराठी करायला वेळ लागतो. नुसत्या धोक्याच्या सूचनाच चौदा पानं. एकही गाळली नाही. वन्संनी दोनदा विचारलं, "संजे, आता न्हाऊ का?" पावणेनऊला आत गेल्या.
नऊला केसांत शिकेकाई आणि लाईट गेली. पंप गप्प. वरच्या टाकीचं पाणी मात्र चालू. डोळे चुरचुरताहेत म्हणून त्या ओतत राहिल्या. पाणी उंबऱ्यावरून खोलीत, गादीपर्यंत. ओल्या फरशीवर नवा गुडघा! मी ओरडत होते, कोणावर ते आठवत नाही. शेवटी वन्संना लुगडं गुंडाळून खुर्चीत बसवलं. आरडाओरडा ऐकून मागच्या घरातून धावत आलेल्या गोरखने आणि मानसिंगनी त्यांना खुर्चीसकट उचललं. मागच्या दाराने थेट गोरखच्या घरी. वन्सं खुर्चीत बसून म्हणाल्या, "वरात निघाली गं माजी!"
मला हसू आलं नाही. विजेवाल्यांना सडेतोड पत्र लिहिणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
खोली वाळतेय. दोन दिवसांचा प्रश्न. गोरखकडे गेले. अंगणातल्या न्हाणीत वन्सं दगडावर बसलेल्या, गोरखची आई अक्काबाई त्यांची पाठ चोळत होती. पाणी आपलं आपण केळींना जात होतं. अक्काबाई म्हणे, "रुसून उभ्या नगा ऱ्हाऊ बाई, घावन खा." संतापाने खाल्ले. चार.

१८ नोव्हेंबर, सोमवार
वन्संचा फोन. पिशवी पाठव म्हणे, चारही लुगडी घालून. अर्थात ही तात्पुरती व्यवस्था. चार लुगड्यांवरून काही सिद्ध होत नाही. स्वतः नेऊन दिली. त्यांनी गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "रोज येत जा गं. हितं बसायला जागा हाय."
घरी येऊन पंप तपासला. उत्तम चालतो. खाली कोणी राहत नसल्यामुळे पाणी अजिबात तुंबत नाही.