डाव्या तळव्यावरची तीट

ती. आत्याबाई,

नमस्कार लिहीत नाही, कारण राग अजून गेलेला नाही.

सम्राटला सांभाळायला चिमणाबाई ठेवल्या, त्याआधी त्यांच्या गल्लीत फिरून चौकशी केली होती. हॉलमध्ये कॅमेराही लावला. काल कागलला कंपनीत डबा खाताना मोबाईलवर बघितलं, तर घर रिकामं. बाईंचा फोन लागेना. हाफ डे टाकून घर गाठलं.

घरी सम्राट खेळत बसलेला. "कुठं गेलता?" मी विचारलं.

"बागंत गेलतो की," बाई म्हणाल्या, पण माझ्याकडं बघेनात.

पोराचे मोजे काढले आणि डाव्या तळव्यावर काजळाची तीट दिसली. गालावरची तीट मी पुसून टाकते म्हणून तुम्ही ती तळव्यावर लावायला लागला होता. ही गोष्ट आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.

"पोराला परक्या बाईच्या हातात देणार असशील, तर माझ्या दारात येऊ नको," असं तुम्हीच म्हणाला होता. आता त्याच बाईच्या कडेवर बसून तुमचा नातू शिवाजी पेठेत तुमच्या दारात येतो.

खोटं बोलणाऱ्या बाईला काढायचं मी ठरवलं होतं. पण खोदून विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं आणि मला तिकडं न्यायला नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही, आणि हे पत्रही टाकणार नाही.

आज सकाळी सम्राटला अंघोळ घालताना त्याचा डावा पाय मी पाण्याबाहेर धरला.

तुमची सून,
संयोगिता